रिकाम्या पारड्यावरचं शून्य

मापवाल्या बाई बाजारात शिरल्या की दुकानदारांच्या पाठी आपोआप ताठ व्हायच्या. बाई वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी निरीक्षक. बावीस वर्षं खांद्याला तीच चामडी पिशवी, पिशवीत पितळी वजनांची पेटी आणि तोंडात तेच वाक्य. दुकानदार रिकामा काटा दाखवून म्हणायचा, "बघा बाई, शून्यावर आहे. एकदम चोख!" बाई पेटी उघडता उघडता म्हणायच्या, "शून्याचं कौतुक मला सांगू नका. रिकाम्या पारड्यावर कुठलाही काटा शहाणाच दिसतो. वर काहीतरी ठेवा, मग बोलू."

आणि हीच बाई स्वतःच्या घरात एक शून्य बघून अशी हुरळली, की तिने त्याच दिवशी सगळ्यांना आइस्क्रीम आणलं. म्हणजे डब्यावरची बारीक अक्षरं तीनदा वाचून, मग आणलं. त्या घरात काहीही आणायचं तर डबा आधी उलटा व्हायचा, मगच सुलटा.

त्याचं कारण चिमणी. चिमणी म्हणजे धाकटी लेक, वय नऊ. दीड वर्षापूर्वी तिला सीलिअ‍ॅक निघाला. गव्हात जे ग्लूटेन असतं ते तिच्या आतड्याला सोसत नाही. पावाचा चुरा जरी पोटात गेला तरी आतडं स्वतःलाच सोलून काढतं. औषध काही नाही, गहू आयुष्यभर बंद. हे कळलं त्या दिवशी बाईंनी घरातले पिठाचे डबे, बिस्किटं, शेवया, सगळं उचलून शेजारणीला देऊन टाकलं. पोरीसमोर बसून आपण पाव खायचा आणि तिने बघायचं, हे काही त्यांच्या जिवाला झेपणारं नव्हतं. बाईंचे यजमान शाळेची बस चालवायचे. त्यांना पाव जीव की प्राण, पण तेही मुकाट भातावर आले.

घरात गहू नव्हता, पण घराण्यात बेकरी होती. यजमानांच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे मुलींच्या आत्याची. थोरली लेक सोळाव्या वर्षापासून तिथे जायची. आता ती वीस वर्षांची होती आणि पीठ नुसतं बोटाने दाबून, किती वेळ मुरू द्यायचं ते सांगायची. आत्याचे गुडघे बोलायला लागले होते. तिने सांगून टाकलं होतं, "महिनाअखेरीपर्यंत पोरीने हो म्हणावं, किल्ल्या तिच्या. नाही म्हणाली तर शेजारचा मोबाइलवाला टपूनच बसलाय, तो भिंत पाडून दुकान मोठं करेल." हो म्हणायला थोरली एका पायावर तयार होती, पण घोडं अडलं होतं तिच्या पोटापाशी.

सहा महिने तिचं पोट दुखत होतं. वजन उतरलं, केस गळायला लागले, जिना चढली की धाप लागायची. रक्तात लोह कमी निघालं. सगळी लक्षणं चिमणीचीच, जशीच्या तशी. सख्खी बहीण असली की धोका जास्त, हे बाईंनी ऐकलेलं होतं. थोरलीलाही तेच असेल तर बेकरी संपली. दिवसभर पिठाच्या धुरळ्यात उभं राहणं तिला चालणारच नाही. आणि ज्या पोरीला दुसरं काही करायचंच नाही, तिला काय सांगायचं? जा बाई, टायपिंग शिक?

मग रक्ताची तपासणी झाली. ग्लूटेनशी शरीर भांडायला लागलं की रक्तात जे सैनिक दिसतात, ते मोजायची. उत्तर आलं, काही नाही, जवळजवळ शून्य. बाईंचा जीव भांड्यात पडला आणि आइस्क्रीम आलं ते त्याच दिवशी.

सगळ्यांनी खाल्लं, फक्त चिमणी जरा गप्प होती. हल्ली ती तशीच असायची. पूर्वी दोघी बहिणी एकाच स्टीलच्या बाटलीतून पाणी प्यायच्या, त्यावरून भांडायच्या. गेले दोन महिने चिमणीने आपला पेला वेगळ्या फळीवर ठेवला होता आणि त्याला कोणाला हात लावू देत नव्हती. थोरली बेकरीतून येते, पिठाला घाबरत असेल पोर, असं बाईंना वाटलं आणि त्यांनी ते तिथेच सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई वाकडी वाट करून बेकरीत गेल्या. नणंदेला तोंडाने बातमी सांगायची होती. दाराशी भट्टीची ऊब अंगावर आली. थोरली पाठमोरी उभी होती. ट्रेमधला गरम पाव तिने मोडला, वास घेतला, तुकडा तोंडात टाकून डोळे मिटून चावला. मग मोरीपाशी गेली, थुंकली आणि तीन चुळा भरल्या.

"हे काय गं?" बाई दारातूनच म्हणाल्या.

थोरली दचकली. आत्याच बोलली, "अगं, ती कायमच थुंकते. वर्ष होऊन गेलं. मला वाटलं तुम्हीच घरातून बजावलंय."

"म्हणजे तू इथेसुद्धा पाव खात नाहीस?"

"नाही."

"बिस्किट? केक?"

"काही नाही, आई." थोरली हाताचं पीठ पुसत राहिली. "चिमणी दवाखान्यातून आली ना, तेव्हा खूप रडत होती. मी तिला म्हटलं, तुला नाही तर मलाही नाही. शप्पथ घेतली. मग इथे चोरून खाऊ का मी?"

बाई पिठाच्या पोत्यावर बसल्या. साडीला पीठ लागलं याचंसुद्धा त्यांना भान राहिलं नाही. लेकीचं कौतुक करावं की तिच्या पाठीत धपाटा घालावा, हेच त्यांना कळेना. तपासणीच्या आधी डॉक्टरांच्या माणसाने विचारलं होतं, "गहू चालू आहे ना?" आणि बाईच तोऱ्यात म्हणाल्या होत्या, "अहो, बेकरीत काम करते ती!" पोटात गहूच नाही, तर शरीर भांडणार कोणाशी? सैनिक निघणार कशाला?

"रिकामं पारडं," बाई पुटपुटल्या. "बावीस वर्षं लोकांना शिकवते मी. आणि घरात रिकाम्या पारड्यावरचं शून्य बघून आइस्क्रीम वाटलं! कपाळ माझं!"

पोटाचे डॉक्टर अंगाने भारी आणि बोलायला सावकाश. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. तोवर बाईंचा जीव टांगणीला.

"ती तपासणी धरायची नाही," ते म्हणाले. "पिठाचा धुरळा थोडाफार जातो नाकातोंडात, पण त्याचा भरवसा नाही. दोन रस्ते आहेत. एक, हिने रोज पाव खायचा, सहा-आठ आठवडे, आणि मग पुन्हा रक्त बघायचं."

"मी खाणार नाही," थोरली म्हणाली.

"अगं, औषध समजून—"

"आई, मी शप्पथ घेतलीय."

डॉक्टरांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी हात जोडून वर बघितलं.

"मग दुसरा रस्ता, जनुकांची तपासणी," डॉक्टर म्हणाले. "तिला तुम्ही काय खाता याच्याशी देणंघेणं नाही. जन्माला येताना आणलं तेच ती बघते. डीक्यू टू आणि डीक्यू एट, अशी दोन नावं लक्षात ठेवा. हा आजार ज्यांना होतो त्यांच्यात यातलं एक तरी जवळजवळ नेहमी असतंच. दोन्ही नसली तर विषय संपला, जवळपास कायमचा. पण नीट ऐका. असलं म्हणजे आजार आहे असं मुळीच नाही. शंभरातल्या तीस-चाळीस धडधाकट माणसांत ते असतं. बहिणीत तर असण्याची शक्यता जास्तच. तसं निघालं तर आपण आहोत तिथेच, आणि हिला पाव खावाच लागेल."

"म्हणजे नाही आलं तर पक्कं नाही, आणि हो आलं तर अजून काहीच नाही?"

"अगदी बरोबर. आणि कुठे करता ते बघून करा. हल्ली बाजारात फार प्रकार आलेत."

बाजारात प्रकार आलेत, हे कोणाला सांगताय! बाईंनी दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून काटे तपासणीचे कोरे फॉर्म आणले. रकाने तेच ठेवले. काय मोजतं, कशाने मोजतं, चूक किती, चुकलं तर जबाबदार कोण. स्वयंपाकघराच्या टेबलावर तीन फॉर्म मांडून बाई फोन घेऊन बसल्या.

यजमान चहा पीत बघत होते. "अगं, मला पसंत करताना असा फॉर्म भरला होतास का?"

"भरला असता तर तुम्ही इथे चहा पीत नसता," बाई म्हणाल्या.

पहिला प्रकार घरपोच यायचा. नळीत थुंकायचं आणि पाठवून द्यायचं. जाहिरातीत एक बाई नळी हातात धरून अशी हसत होती, की जणू थुंकणं हा तिचा छंदच. त्यात दोनशे गोष्टी कळणार होत्या, पूर्वज कुठून आले, टक्कल पडेल का, कॉफी सोसेल का. सीलिअ‍ॅक एकशे शहाऐंशीवा. बाईंनी बारीक अक्षरांपर्यंत मजल मारली. जनुकातल्या फक्त दोन खुणा बघतो, बाकीच्या बघत नाही, आणि 'आढळले नाही' म्हणजे धोका नाही असं समजू नये, असं त्यांनीच लिहून ठेवलेलं. "म्हणजे किलोच्या जागी पावकिलो ठेवून काटा पास!" बाईंनी फॉर्मवर फुली मारली.

दुसरा प्रकार खास सीलिअ‍ॅकसाठीचा, गालाच्या आतून कापूस फिरवून. हा बरा वाटला. पण उत्तर यायचं ते एका रंगीत पट्टीवर, हिरवा म्हणजे कमी, लाल म्हणजे जास्त. कशावरून हिरवा, ते कुठेच नाही. बाईंनी फोन लावला. पलीकडे मध घातलेला आवाज.

"तुम्ही डीक्यू टू बघता का?"

"हो मॅडम, नक्कीच."

"अख्खा की अर्धा? त्याचे दोन भाग असतात म्हणे."

पलीकडे कागदांची सळसळ. "मी विचारून सांगते, मॅडम."

"आणि डीक्यू एट?"

"ते प्रीमियममध्ये येतं, मॅडम."

यजमानांना चहाचा ठसका लागला. बाईंनी फोन ठेवला आणि अशी फुली मारली, की कागद फाटला. "रोग काय साध्या आणि प्रीमियममध्ये होतो का मेला!"

तिसरा प्रकार इस्पितळाच्या प्रयोगशाळेतला, तिथे बाई स्वतःच गेल्या. तिथे कोणी हसत नव्हतं. खिडकीतल्या तंत्रज्ञाने वर न बघताच सांगितलं, डॉक्टरांची चिठ्ठी लागेल, दंडातून रक्त घेऊ, तीन आठवडे लागतील. बाईंनी प्रश्न सुरू केले तेव्हा मात्र तो वर बघायला लागला. डीक्यू टूचे दोन्ही भाग? बघतो. डीक्यू एट? बघतो. उत्तरात नुसता रंग की काय काय सापडलं त्याची नावं? नावं, सगळी. नमुना बिघडला तर? पुन्हा घेऊ, पण अंदाजाने काही लिहिणार नाही. तुमची यंत्रं कोण तपासतं? इथे तंत्रज्ञाने पेन खाली ठेवलं. "बाई, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं," म्हणाला, आणि आतून प्रमाणपत्राची फाईल घेऊन आला. बाईंनी तारीख बघितली. मुदतीत होती. त्यांना तो माणूस एकदम घरचाच वाटायला लागला.

तीन आठवडे म्हणजे महिनाअखेर जवळजवळ गाठलीच. आत्या रोज फोन करायची आणि रोज विचारायची नाही, नुसती खोकायची. थोरली कामावर जात राहिली. घरी आली की पोट दाबून बसायची. चिमणी लांबच्या खुर्चीवरून तिच्याकडे बघत राहायची आणि आपला पेला स्वतःच धुवायची.

उत्तर आलं ते भर सकाळी, बाई एका वाण्याच्या दुकानात काट्यावर पाच किलोचं वजन ठेवत असताना. फोन वाजला. बाईंनी काट्याकडे पाठ केली आणि फोनवर आलेला कागद उघडला. आधी नाव बघितलं, मग नमुन्याचा क्रमांक पिशवीतल्या पावतीशी ताडून बघितला, मग तारीख. सवय ती सवय. आणि मग खाली. डीक्यू टू, आढळलं नाही. दोन्ही भाग वेगवेगळे लिहिलेले, दोन्हीपुढे नाही. डीक्यू एट, आढळलं नाही.

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग डॉक्टरांना फोन लावला आणि आकडे-नावं वाचून दाखवली.

"ठीक," डॉक्टर सावकाश म्हणाले. "संपलं. हिला सीलिअ‍ॅक नाही, आणि पुढेही होईल असं मला वाटत नाही. पीठ मळू द्या तिला खुशाल. आता मला एक सांगा, ही बेकरीत जाते किती वाजता?"

"पहाटे चारला."

"आणि जेवते?"

"घरी आल्यावर. तीन वाजता."

"मधे?"

मधे काय असणार? बेकरीत पावाशिवाय दुसरं असतं काय! ज्या घरात बिस्किटाचा चुरा नाही तिथून पहाटे ती काय बांधून नेणार? बाईंना सगळं एकदम दिसलं.

"अकरा तास, भट्टीसमोर, उपाशी," डॉक्टर म्हणाले. "पोट दुखणार नाही तर काय गाणं म्हणेल? आणि रक्त भरणार कुठून? लोहाच्या गोळ्या देतो. नंतर पुन्हा बघू. पण त्याआधी पोरीला जेवायला घाला."

बाईंनी फोन पिशवीत टाकला आणि तिथेच, डाळीच्या पोत्याला टेकून, ढसाढसा रडल्या. वाणी पांढराफटक पडला. काट्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, पुन्हा काट्याकडे.

"बाई," तो घाबरत म्हणाला, "एवढं काय हो कमी भरलं?"

"काही नाही हो," बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "चोख आहे तुमचा काटा. सगळं चोख आहे." आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हसून शिक्का मारला.

संध्याकाळी सगळे बेकरीत गेले. म्हणजे बाई आणि यजमान आत गेले. चिमणी नेहमीप्रमाणे रस्त्यापलीकडच्या बाकावर बसली. दीड वर्षात ती त्या दाराच्या आत आली नव्हती. आत्याने बातमी ऐकली, थोरलीच्या तोंडावरून पिठाचा हात फिरवला आणि किल्ल्यांचा जुडगा काढून तिच्या मुठीत कोंबला. "आता मोबाइलवाल्याला म्हणावं, बस बोंबलत," म्हणाली आणि गुडघे धरून स्टुलावर बसली. यजमानांनी मागे न बघता ट्रेमधला एक पाव उचलला. दीड वर्षांनी! बाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं.

"तूही खा गं," आत्या थोरलीला म्हणाली. "आता कशाची भीती?"

थोरली हलली नाही. "भीतीने नव्हते खात मी."

बाईंनी एक छोटा पाव कागदात गुंडाळला. "चल," म्हणाल्या, "जिच्यापाशी शप्पथ घेतलीस तिलाच विचारू."

थोरलीने एप्रन काढला, हात-तोंड साबणाने धुतलं, ती जुनी स्टीलची बाटलीही धुवून, भरून खांद्याला अडकवली. दोघी रस्ता ओलांडून बाकाशी आल्या. चिमणी लगेच एका कडेला सरकली.

"मला तो आजार नाही गं, चिमणे," थोरली म्हणाली. "तपासणीत आलं. नव्हताच."

चिमणी तिच्याकडे बघत राहिली. "मग तुझं पोट?"

"मी जेवत नव्हते ना कामावर, म्हणून."

"म्हणजे," चिमणीचा आवाज एकदम बारीक झाला, "माझ्याकडून नाही लागला?"

तो वेगळा पेला, ती लांबची खुर्ची, दोन महिने! एवढीशी पोर दोन महिने बहिणीला स्वतःपासून वाचवत बसली होती, आणि अख्ख्या जगाचे काटे तपासणाऱ्या आईला ते दिसलं नव्हतं.

"अगं वेडे, तो लागत नसतो!" बाई खालीच बसल्या, रस्त्याच्या कडेला, तिच्या गुडघ्यांशी. "कोणाकडून कोणालाच लागत नाही. मी तुला सांगायला हवं होतं, राणी. मीच चुकले."

"नक्की?"

"नक्की. तिला तो नाहीच, कागदावर लिहून दिलंय. मी स्वतः तपासलंय."

चिमणीने हा पुरावा मनाशी तोलून बघितला. आईने तपासलंय म्हटल्यावर पुढे बोलायची सोय नव्हती. तिने डोळे पुसले, नाक ओढलं आणि आईच्या हातातल्या कागदाच्या पुडीकडे बोट दाखवलं.

"मग ती खात का नाही?"

"तू सोडवल्याशिवाय नाही खाणार," थोरली म्हणाली.

"मी नव्हतंच सांगितलं तुला शप्पथ घ्यायला. तूच घेतलीस." चिमणीला आता जोर चढला. "आणि उपाशी राहिलीस आणि पोट दुखवून घेतलंस आणि मला वाटलं... शहाणी कुठली! सुटली शप्पथ. खा."

थोरलीने पुडी उघडली. पावाचा वास बाकाभोवती पसरला. तिने तुकडा मोडला, तोंडाशी नेला.

"थांब!" चिमणी ओरडली.

थोरलीचा हात हवेतच राहिला.

चिमणीने बहिणीच्या खांद्यावरची स्टीलची बाटली ओढून घेतली, झाकण उघडलं आणि तोंड लावून घटाघटा पाणी प्यायली. हनुवटीवरून ओघळलं तरी थांबली नाही. अर्धी बाटली रिकामी केली, झाकण लावलं आणि बाटली परत बहिणीच्या मांडीवर ठेवली.

"तू पाव खाल्ल्यावर मला ही बाटली चालणार नाही ना आज," ती म्हणाली. "म्हणून आधीच पिऊन घेतलं. आता खा."